सुतारकामाचा मास्क हनुवटीखाली का उतरतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरच्या घरी फर्निचर बनवणं, जुनं कपाट घासून पुन्हा पॉलिश करणं या विषयांवर हल्ली भरपूर लिहिलं जातं. करवत कोणती, पॉलिश पेपर किती नंबरचा, सांधा किती वेळ शिकंजात ठेवायचा, सगळं बारकाईनं येतं. मास्कच्या वाट्याला मात्र ‘मास्क वापरावा’ एवढी एकच ओळ. लोक मास्क घेतातही. काम सुरू होऊन पंधरा मिनिटं झाली की तो हनुवटीखाली आलेला असतो. त्याचा दोष वापरणाऱ्याच्या आळसाला दिला जातो, पण बहुतेक वेळा निवडच चुकलेली असते. म्हणून हे पत्र.

आधी थोडा हिशेब. समजा एका मास्कमुळे श्वासात जाणारी धूळ विसाव्या हिश्शावर येते आणि दुसऱ्यामुळे दहाव्या. कागदावर पहिला दुप्पट चांगला. पण त्यात गुदमरायला होतं म्हणून तासातली फक्त 6 मिनिटं तो खाली ओढला, तर उरलेल्या 54 मिनिटांत आत गेलेली साडेचार टक्के आणि उघड्या नाकानं घेतलेली दहा टक्के, मिळून साडेचौदा टक्के धूळ आत गेली. दुसरा मास्क तासभर जागचा हलला नाही, तर दहा टक्क्यांवरच थांबतो. मास्क सोसवणं हा त्याच्या संरक्षणाचाच भाग आहे, तो असा.

धूळ कुठली, तेही पाहायला हवं. रंध्याच्या ढलप्या आणि करवतीचा जाड भुसा डोळ्यांना दिसतो, टोचतो आणि खाली पडतो. त्याचा त्रास कमी. सँडर (घासायचं यंत्र), राउटर (खाचा कोरायचं यंत्र) आणि एमडीएफ, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेली फळी, कापणारी गोल करवत जी पिठासारखी पूड उडवते, खरी काळजी तिची. स्थिर हवेत 10 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण डोक्याच्या उंचीवरून जमिनीवर यायला साधारण आठ-दहा मिनिटं घेतो, 1 मायक्रॉनचा काही तास तरंगत राहतो. म्हणजे यंत्र बंद करून ‘झालं एकदाचं’ म्हणत मास्क काढायचा, तेव्हा खोलीत धूळ तशीच असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 1995 साली लाकडाची धूळ माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकली. धोका मुख्यतः नाक आणि नाकाभोवतालच्या पोकळ्यांना. शिसम आणि सागवानासारख्या लाकडांच्या धुळीनं काहींना त्वचेची आणि श्वासाची ॲलर्जीही होते, ती वेगळीच.

आता मास्कवर छापलेली अक्षरं. युरोपीय मानकात एफएफपी1 किमान 80 टक्के, एफएफपी2 94 टक्के आणि एफएफपी3 99 टक्के कण अडवतो. अमेरिकी एन95 म्हणजे किमान 95 टक्के, आणि हे सुमारे 0.3 मायक्रॉनच्या कणांवर मोजलेलं. तो आकार गाळणीला सर्वांत अवघड असतो, त्याहून मोठे आणि त्याहून लहान कण उलट सहज अडकतात. लाकडाची बहुतेक धूळ त्याहून कितीतरी मोठी, त्यामुळे चांगल्या मास्कचं कापड सहसा हरत नाही. हरते ती कड. गालाशी, नाकाशी एक बारीक फट राहिली, की हवा कापडातून न जाता तिथूनच शिरते, कारण तिला सोपी वाट हवी असते. शस्त्रक्रियेचा निळा मास्क किंवा तोंडाला बांधलेला रुमाल इथे कामाचा नाही, कारण त्यांना कड बसवण्याची सोयच नाही.

एफएफपीच्या छापाशेजारी दोन लहान खुणा असतात, त्या कुणी वाचत नाही. ‘एनआर’ म्हणजे एकाच पाळीपुरता वापर. दुसरी ‘डी’. हे इंग्रजी अक्षर असेल तर त्या मास्कनं डोलोमाइट या दगडाच्या पुडीनं भरूनही श्वास फार जड न होण्याची चाचणी पार केलेली असते. सुतारकामाला ही खूण मोलाची. एकाच इयत्तेचे दोन मास्क सकाळी सारखेच हलके वाटतात, आणि दोन तास सँडिंग झाल्यावर त्यांतला एक भिंतीसारखा होतो. एन95 घेत असाल तर त्यावर टीसी-84ए पासून सुरू होणारा मंजुरी क्रमांक आहे का, ते पाहावं. त्याच्याशिवायचा ‘एन95’ हा शब्द कुणालाही छापता येतो.

श्वास किती जड लागेल हे मुख्यतः कापड किती पसरलं आहे, यावर ठरतं. तीन घड्यांचा किंवा बदकाच्या चोचीसारखा मास्क उघडला की त्याचं क्षेत्रफळ मोठं असतं, त्याच श्वासाची हवा जास्त जागेतून सावकाश जाते आणि ओढ कमी लागते. तीन घड्यांचा मास्क बोलताना जबड्याबरोबर हलतो, घसरत नाही. वाटीसारखा कडक मास्क ओठांना चिकटत नाही, हा त्याचा गुण, पण चेहरा अरुंद असेल तर त्याची कड गालापासून सुटते आणि ती दाबून जुळवता येत नाही. कुठला चांगला, याचं एकच उत्तर नाही. दोन-तीन प्रकारांचा एकेक मास्क घेऊन कामात वापरून पाहावा आणि मग डबा घ्यावा.

समोर झडप असलेला मास्क घ्यावा, यात मात्र शंका नको. श्वास सोडताना झडपेची सिलिकॉनची पातळ चकती उचलते, ओलसर गरम हवा थेट बाहेर जाते, ओढताना ती परत बसते. आतला दमटपणा आणि चष्म्यावरची वाफ दोन्ही कमी होतात. तिचं दुखणंही ठाऊक असावं. चकतीखाली भुशाचा एक तुकडा अडकला किंवा तिची कड वळली, की ती पूर्ण बसत नाही आणि प्रत्येक श्वासाला तिथून धूळ आत येते. एरवी मास्क नवा दिसतो. झडपेचं झाकण पारदर्शक नसेल तर बाजूच्या फटीतून चकती सपाट बसली आहे का, ते उजेडात पाहावं.

पट्ट्यांचा प्रश्न सर्वांत जास्त छळतो. कानात अडकवायच्या दोऱ्यांना पुरेसा ताण देता येत नाही. दिला तर अर्ध्या तासात कानामागे दुखतं, आणि मास्क उतरतो तो त्यामुळेच. डोक्यामागे जाणाऱ्या दोन पट्ट्यांचा मास्क घ्यावा. वरची पट्टी कानांच्या वरून डोक्याच्या मागच्या उंच भागावर, खालची कानांखालून मानेवर. दोन्ही मानेवरच ठेवल्या तर मास्क खाली ओढला जातो, एकमेकींवरून फुली घातली तर बाजूंना सुरकुत्या पडून फट होते. विणलेली रुंद पट्टी केसांत अडकत नाही, पातळ रबराची ओढते आणि तुटते. कान झाकणारे आवाजरोधक लावत असाल, तर दोन्ही पट्ट्या त्यांच्या गादीखाली येऊ देऊ नयेत. गादी उचलली जाते आणि आवाज आत येतो.

नाकावरची धातूची पट्टी एका हातानं चिमटून दाबण्याची सवय जवळपास सगळ्यांना असते. त्यानं पट्टीला मध्यभागी अणकुचीदार कोन पडतो आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन बोगदे तयार होतात. दोन्ही हातांची दोन-दोन बोटं पट्टीच्या मध्यावर ठेवून, नाकाच्या उतारावरून गालाकडे सरकवत ती बसवायची. पट्टीखाली आतून मऊ फोम असेल तर नाकाचं हाड दुखत नाही. मग परीक्षा. झडपेच्या मास्कला ओंजळीनं झाकून जोरात श्वास ओढावा, मास्क किंचित आत ओढला जाऊन तसाच राहिला पाहिजे. बिनझडपेच्या मास्कवर ओंजळ ठेवून श्वास सोडावा आणि कडेवरून, विशेषतः डोळ्यांच्या दिशेनं, हवा लागते का पाहावं. वाफ चष्म्यावर येत असेल, तर ती चष्म्याची तक्रार समजू नये. वरची कड गळते आहे, असं ती सांगत असते. मास्क आधी, चष्मा नंतर. उलट केलं तर चष्म्याची कड पट्टीखाली शिरते.

दाढीचं काय, हा प्रश्न टाळता येत नाही. कडेखाली एका दिवसाची खुंटं असली तरी गळती वाढते, पूर्ण दाढीवर तर कड बसतच नाही, मग मास्क कितीही भारी असो. दाढी ठेवायचीच असेल तर पंख्यानं गाळलेली हवा चेहऱ्यावर सोडणारं शिरस्त्राण हा योग्य मार्ग. मिनिटाला साधारण 170 लिटर किंवा अधिक हवा आत येत राहते, दाब बाहेरच्या दिशेनं असतो, त्यामुळे कड घट्ट बसण्याची गरज नसते. चष्मा आणि उकाडा हे दोन्ही त्रासही सुटतात. वजन, बॅटरी चार्ज करणं आणि पंख्याची घरघर सोसावी लागते. दिवसभर यंत्रावर उभं राहणाऱ्याला हे ओझं परवडतं, आठवड्याला दोन तास काम करणाऱ्याला नाही.

मधला मार्ग म्हणजे सिलिकॉनचा अर्धा मास्क, दोन बाजूंना बदलता येणाऱ्या गाळण्या लावलेला. रोज दोन-तीन तास धुळीत काम असेल तर एकदाच वापरायच्या मास्कपेक्षा तो बहुतेकांना जास्त मानवतो, कारण कड मऊ असते आणि सगळीकडे सारखी टेकते. तो लहान, मध्यम आणि मोठा अशा मापांत येतो. मोठा घेतला की नाकाच्या वर चढतो आणि चष्म्याला ढकलतो. गाळणी चपटी, गोल आणि मागे झुकलेली घ्यावी. जाड डबे बाजूला डोकावतात आणि रंध्याकडे वाकून पाहताना नजर अडवतात. धुळीसाठी पी3 (युरोपीय खूण) किंवा पी100 (अमेरिकी खूण) गाळणी पुरते, वायूचा डबा लावून वजन वाढवू नये. एक जाच मात्र आहे. झडपेतून घामाचं आणि वाफेचं पाणी थेंबाथेंबानं टपकतं आणि घासून तयार केलेल्या फळीवर डाग पडतो. वाकण्याआधी मास्क पुसून घ्यायची सवय लावावी, दुसरा उपाय नाही.

थिनर, पॉलिश, स्प्रे यांच्या वाफा धुळीच्या कुठल्याही मास्कमधून सरळ जातात. तो वास आला म्हणजे मास्क गळतो आहे असं नाही, वायू अडवणं त्याचं कामच नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफांचा डबा लागतो. युरोपीय खुणेत त्याचा पट्टा तपकिरी असतो, अमेरिकीत काळा. दोन भाग मिसळून वापरायचं पॉलियुरेथेन पॉलिश फवारायचं असेल तर त्यातल्या आयसोसायनेट या घातक रसायनाला वास जवळपास नसतो. डबा संपला तरी नाकाला कळत नाही. तिथे बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारी व्यवस्थाच हवी.

देखभालीत एकच गोष्ट ठासून सांगण्यासारखी. एकदाच वापरायच्या मास्कच्या कापडात स्थिर विद्युतभार असतो आणि बारीक कण तो ओढून धरतो. साबणानं धुतलं किंवा सॅनिटायझर फवारला की तो भार जातो. कापड स्वच्छ दिसतं आणि गाळणं निम्म्यावर येतं. कॉम्प्रेसरच्या हवेनं मास्क झटकणंही तितकंच वाईट, कारण तंतू फाटतात आणि धूळ आतल्या बाजूला ढकलली जाते. श्वास जड झाला, आतून मळला, भिजला किंवा पट्टी सैल झाली की फेकून द्यावा. मध्ये थांबताना तो कपाळावर किंवा गळ्यात नको, कारण आतली बाजू उघडी राहून तीत धूळ बसते आणि पुढचा पहिला श्वास तिचाच. खिळ्याला टांगूनही ठेवू नये, झाकणाच्या डब्यात ठेवावा. सिलिकॉनचा मास्क गाळण्या काढून कोमट पाणी आणि सौम्य साबणानं धुता येतो, गाळण्या धुवायच्या नसतात. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी कुठलाही घट्ट मास्क वापरण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

धूळ उडतानाच यंत्राला जोडलेल्या नळीनं ओढून घेतली तर मास्कवरचा भार कितीतरी कमी होतो. जाळीचा पॉलिश पेपर आणि शोषण असलेला सँडर वापरला की मास्क जास्त वेळ हलका राहतो. झाडू मारायचाच असेल तर मास्क काढण्याआधी मारावा.

आपल्या वृत्तपत्रात फर्निचरविषयी मजकूर येतो तेव्हा साहित्याच्या यादीत पॉलिश पेपरचा नंबर जसा छापता, तशीच मास्कची नोंदही छापावी, ही विनंती: एफएफपी2 किंवा एफएफपी3, झडपेचा, ‘डी’ खुणेचा, डोक्यामागे दोन पट्ट्यांचा. आणि सोबतच्या छायाचित्रात खालची पट्टी लोंबती नसावी.

आपला,
सुतारकामाची आवड असलेला एक वाचक