‘धुतलेलं, लो ईसी’ छापलेलं कोकोपीट खारट निघाल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

लातुरात गच्चीवर बिनमातीची भाजी करणाऱ्या आम्ही पाच घरांनी मिळून तुमच्या कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) ५ किलोच्या १० विटा मागवल्या. वेष्टनावर ‘धुतलेलं, लो ईसी’ असं ठळक छापलंय, आकडा मात्र कुठेच नाही. ईसी म्हणजे विद्युतवाहकता, पाण्यात विरघळलेलं मीठ किती ते त्यावरून कळतं. तो ०.५ मिलिसिमेन्स प्रति सेंमीच्या आसपास असेल तर त्याला लो म्हणतात.

दोन विटा फोडून मधला भाग आरओच्या पाण्यात फुगवला. एक वाटी ओलं कोकोपीट, दीड वाटी आरओचं पाणी. अर्धा तास ठेवून फडक्यातून गाळलं. पाणी कोऱ्या चहासारखं उतरलं. मीटरवर एका विटेचा ईसी २.४, दुसरीचा २.७ मिलिसिमेन्स प्रति सेंमी. आरओच्या पाण्याचा स्वतःचा ०.०५, म्हणजे हे सगळं मीठ विटेतलंच. बादलीच्या काठावर सुकल्यावर पांढरी खार धरली ती वेगळीच.

त्याच मालात लावलेला घेवडा दुसऱ्या पानावरच अडला, पानांच्या कडा करपल्या. मिरचीची रोपं खुजी राहिली. पालक तेवढा तग धरून आहे, कारण त्याला खारटपणा बराच सोसतो. त्यामुळे ‘पालक तर आलाय ना’ हे तुमच्या प्रतिनिधीचं उत्तर काही कामाचं नाही.

‘तीनदा धुऊन घ्या’ हा त्यांचा दुसरा सल्ला. एका विटेला एका धुण्यात ४० लिटर धरलं तरी दहा विटांना १२०० लिटर लागतं. २०१६ साली ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे हे पाणी कुणी नि कुठून ओतायचं? शिवाय आमच्या बोअरचाच ईसी १.१ आहे, त्याने कितीही धुतलं तरी त्याखाली उतरणार नाही. पर्लाइट (फुगवलेल्या खडकाचे हलके दाणे) मिसळूनही भागणार नाही, त्याने निचरा सुधारतो, मीठ जात नाही.

आणि धुण्याने फक्त मोकळं मीठ जातं. भुशाला चिकटलेलं सोडियम-पोटॅशियम काढायला २० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून त्यात माल रात्रभर भिजवावा लागतो, मग निथळून एकदा साध्या पाण्याने धुवावा लागतो. हे केलं नाही तर भुसा खताच्या पाण्यातलं कॅल्शियम स्वतःकडे ओढतो आणि मीटर ठीक दाखवत असतानाही टोमॅटोच्या बुडाशी काळा डाग पडतो. तुमचा माल असा कॅल्शियमने बफर केलेला आहे की नाही, यावर वेष्टनावर चकार शब्द नाही.

फुगवल्यावर ७५ लिटर भरेल असंही लिहिलंय. २० लिटरच्या बादल्यांनी मोजलं तर अडीच बादल्या, म्हणजे ५० लिटर. त्यातही बोटाएवढे काथ्याचे तुकडे.

न फोडलेल्या ८ विटा तुमच्या खर्चाने परत न्याव्यात आणि दहाही विटांचे पैसे द्यावेत. या लॉटचा ईसीचा तपासणी अहवाल पाठवावा. यापुढे वेष्टनावर ईसीचा आकडा, तो कोणत्या प्रमाणात पाणी घालून मोजला ते, आणि माल बफर केलाय की नाही, हे छापावं. १५ दिवसांत उत्तर न आल्यास १९१५ वर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ.

पावती, लॉट नंबरचा आणि मीटरच्या आकड्यांचे फोटो सोबत जोडले आहेत. फोडलेल्या विटांचा उरलेला माल बंद डब्यात ठेवलाय. माणूस पाठवून समक्ष मोजून घ्यावा.

आपले,
पाच ग्राहक, लातूर