‘अ‍ॅप काढू नका’ असे सांगणाऱ्या अभियंत्यास

फोंडा, गोवा

आदरणीय महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपले नाव जाहीर होऊ नये अशी आपली इच्छा असल्यामुळे ते येथे लिहीत नाही. आमच्या स्वयंसहाय्य गटातील प्रत्येकीला मात्र ते पाठ झाले आहे. चवथीच्या तोंडावर नेवऱ्या, चकल्या आणि लाडवांच्या ऑर्डरी, त्यांपोटी घेतलेले आगाऊ पैसे, सभासदांची बचत आणि गटातून दिलेली कर्जे असा सारा हिशेब ज्या अ‍ॅपमध्ये होता, ते अपडेटनंतर उघडताक्षणी बंद पडू लागले. त्या संकटातून आपण आम्हांला बाहेर काढलेत, म्हणून हे जाहीर पत्र.

आपली गाठ पडण्यापूर्वी जी उत्तरे मिळाली, त्यांविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. अ‍ॅप बनवणाऱ्या आपल्याच कंपनीच्या मदत कक्षाने प्रत्येक तक्रारीला एकच ठरावीक मजकूर पाठवला: अ‍ॅप काढून टाका आणि पुन्हा इन्स्टॉल करा. मोबाइल दुरुस्त करणाऱ्याने फोन स्वस्तातला आहे, नवा घ्या, असे सुनावले. आमच्या सभासदांपैकी कोणाला काय अडले आहे, अ‍ॅपमध्ये काय साठवलेले आहे, हे विचारण्याइतकीही सवड कोणाकडे नव्हती.

आपण फोनचे मॉडेल विचारण्याच्याही आधी विचारलेत, “या नोंदी दुसरीकडे कुठे लिहून ठेवल्या आहेत का?” मी नाही म्हणताच आपण म्हणालात, “मग अ‍ॅप काढू नका, आणि सेटिंगमधले ‘डेटा साफ करा’ हे बटण कोणालाही दाबू देऊ नका. नोंदी फोनमध्येच आहेत. अ‍ॅपला त्या उघडता येत नाहीत, एवढेच.” दुरुस्ती पुढे यथावकाश झाली, पण माझ्या जिवात जीव आला तो या वाक्याने. आमच्या हिशेबाची क्लाउडवर प्रत नव्हती. अँड्रॉइड फोनवरून अ‍ॅप काढले की त्याने स्वतःच्या जागेत साठवलेली माहितीही सहसा त्याच्यासोबत जाते, हे आम्हांला ठाऊक नव्हते. मदत कक्षाला ते नक्कीच ठाऊक असायला हवे होते. कॅशे, म्हणजे तात्पुरती साठवलेली माहिती, साफ केल्याने काही बिघडत नाही, परंतु डेटा साफ करणे म्हणजे आमच्यासाठी हिशेबाची वही चुलीत घालणे ठरले असते.

आमच्या एका सभासदाने सहज सांगितले की तेच अ‍ॅप तिच्या मुलीच्या फोनवर व्यवस्थित चालते. इतरांनी हे ऐकून सोडून दिले होते, आपण मात्र तोच धागा धरलात. मुलीने ते नव्यानेच घेतले होते, त्यामुळे त्यात जुन्या नोंदी नव्हत्या. नव्या आवृत्तीत डेटाबेसची रचना बदलली होती आणि जुन्या नोंदी त्या रचनेत आणणारी मायग्रेशनची पायरी राहून गेली होती, हे क्रॅशच्या अहवालावरून आपण निश्चित केलेत. कोऱ्या अ‍ॅपवर चाचणी घेणाऱ्याला हा दोष दिसणारच नव्हता. पुन्हा इन्स्टॉल करण्याचा सल्ला लागू पडतो असे मदत कक्षाला का वाटत होते, तेही तेव्हाच उमगले: अ‍ॅप चालू होत असे, कारण उघडण्यासाठी जुने काही उरतच नसे. किती जणांनी तो सल्ला मानला असेल, या विचाराने आजही मन अस्वस्थ होते.

अपडेट ज्यांच्यापर्यंत पोहोचले नव्हते, त्यांच्यासाठी आपण ते लगेच थांबवलेत. ज्या फोनवर ते गेले होते, तेथे जुनी आवृत्ती प्ले स्टोअरवरून परत पाठवता येत नसल्यामुळे दुरुस्त केलेली, पुढच्या क्रमांकाची आवृत्ती काढावी लागेल, हेही आपण न कंटाळता समजावलेत. ती आली आणि सगळ्यांच्या नोंदी जशाच्या तशा उघडल्या.

स्वस्त फोनमुळे असे झाले का, असे आमच्यातील एका ज्येष्ठ सभासदाने संकोचून विचारले, तेव्हा आपण त्यांना मार्च २०२१ची हकीकत सांगितलीत. इतर अ‍ॅपमध्ये वेबपाने दाखवणाऱ्या, अँड्रॉइडच्या सिस्टिम वेबव्ह्यू या घटकातील दोषामुळे तेव्हा अनेकांच्या फोनवर जीमेलसुद्धा आपोआप बंद पडत होते आणि वेबव्ह्यू व क्रोम अपडेट केल्यावर ते सुरळीत झाले. खुद्द गूगलच्या अ‍ॅपची ही गत होते, तेथे वापरणाऱ्याने ओशाळायचे कारण नाही, असे आपण म्हणालात. ज्ञान असलेली माणसे पुष्कळ भेटतात. समोरच्याला कमीपणा येऊ न देता ते ज्ञान वापरणारी माणसे आमच्या वाट्याला क्वचितच येतात, मग ते बँकेचे काउंटर असो वा सरकारी कचेरी.

एक विनंती आहे. हे पत्र आपल्या वरिष्ठांना दाखवा आणि मदत कक्षाचा तो ठरावीक मजकूर बदलून घ्या. आपण आम्हांला विचारलेला पहिला प्रश्नच त्या उत्तराची पहिली ओळ असावी.

आपली कृतज्ञ,
गटाची हिशेबनीस