संमतीपत्राआधी पर्याय सांगा

थायरॉइडच्या गाठींवरील बिनटाक्याच्या उपचारांविषयीचा आपल्या आरोग्य पुरवणीतील लेख वाचला. ही माहिती खरे तर डॉक्टरांच्या खोलीतच मिळायला हवी. माझ्या वहिनींपुढे वाशीतल्या एका रुग्णालयात थेट शस्त्रक्रियेचे संमतीपत्रच ठेवले गेले. गळ्यातील पूर्ण थायरॉइड ग्रंथी काढल्यावर जन्मभर रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यावी लागते, हेसुद्धा कोणी सांगितले नाही. बिनटाक्याच्या उपचारात सोनोग्राफीत पाहत, जागा बधिर करून, बारीक सुई आत घालून गाठ उष्णतेने जाळता येते. रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो आणि गाठ पुढच्या काही महिन्यांत आक्रसत जाते. अर्थात ती कर्करोगाची नाही याची खात्री सुईच्या तपासणीने आधी, शक्यतो दोनदा, व्हायलाच हवी. आवाजाच्या नसेला इजा होण्याचा थोडा धोका या उपचारातही असतोच. पण निवड रुग्णाची आहे. उपलब्ध पर्याय सांगणे हा संमतीचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच स्पष्ट केले आहे. संमतीपत्रावर ‘अन्य पर्याय’ हा रकाना मराठीत छापावा आणि डॉक्टरांनी तो स्वतःच्या हाताने भरावा. ठाणे व नवी मुंबई महापालिकांनी आपल्या रुग्णालयांपासून याची सुरुवात करावी.

– एक वाचक, कोपरखैरणे