जेट पंप घेताना उन्हाळ्यातील पाणीपातळी विचारात घ्यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खरिपाचा पैसा हाती आला की आमच्या भागात मोटर-पंपांची खरेदी सुरू होते. दुकानात पहिला प्रश्न अश्वशक्तीचा असतो आणि दुसरा किमतीचा. विहिरीतील पाणी एप्रिल-मे महिन्यांत किती खोल जाते, हे शेतकरी सांगत नाही आणि विक्रेताही विचारत नाही. जेट पंपाचे सारे गणित मात्र याच आकड्यावर उभे असते, म्हणून हे पत्र.

काठावर बसवलेला साधा पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात हवेचा दाब ते वर ढकलतो, आणि तो दाब जेमतेम 10 मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलू शकतो. घर्षण आणि गळती धरता 6-7 मीटरच्या पुढे असा पंप भरवशाचा राहत नाही. जेट पंपात उचललेल्या पाण्याचा काही भाग दुसऱ्या पाइपने पुन्हा खाली पाठवला जातो. तेथे तो अरुंद नोझलमधून वेगाने सुटतो, त्याच्याभोवतीचा दाब उतरतो, विहिरीचे पाणी त्यात खेचले जाते आणि पुढे रुंदावत जाणाऱ्या नळीत वेग ओसरून त्याचा दाब बनतो, जो पाणी पंपाच्या आवाक्यात आणून सोडतो. पाण्यात बुडालेल्या या भागात, म्हणजे जेटमध्ये, वीज नाही आणि फिरणारा भागही नाही. मोटर काठावर असल्याने गावातला मेस्त्रीसुद्धा ती उघडून दुरुस्त करू शकतो.

या सोयीची किंमत विजेत मोजावी लागते. जेटची स्वतःची कार्यक्षमता 30-35 टक्क्यांपुढे सहसा जात नाही, आणि खोली वाढेल तसे अधिक पाणी परत खाली पाठवावे लागून हाती येणारे पाणी घटते. दिवाळीतल्या पातळीला योग्य असलेला जेट उन्हाळ्यात पाणी उचलेनासा होतो. मग दोष मोटरला दिला जातो आणि कर्ज काढून मोठी मोटर आणली जाते. अनेकदा खोलीनुसार जेट बदलला किंवा डिलिव्हरीचा, म्हणजे पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपवरचा, व्हॉल्व्ह थोडा आवळून जेटकडचा दाब वाढवला, तर जुनीच मोटर पुरते. अर्थात जेथे पाणी बारमाही खोल आहे, तेथे पाणबुडी पंपच घ्यावा. जेटचा हट्ट तेथे तोट्याचा ठरतो.

हे तत्त्व नवे नाही. 1994 पर्यंत आमची यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरची शकुंतला रेल्वे वाफेवर धावत होती. अशा इंजिनांच्या बॉयलरमध्ये पाणी भरणारा इंजेक्टर फ्रान्सच्या जिफार यांनी 1858 मध्ये शोधला. कोळशावरील अनेक वीज केंद्रांत वापरलेल्या वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरमधील हवा वाफेच्या झोतावर चालणारे इजेक्टर काढतात. घरच्या गॅस शेगडीतही वायूची बारीक धार बाजूच्या छिद्रांतून हवा ओढून घेते, आणि ती छिद्रे बुजली की ज्योत पिवळी होऊन भांडी काळी पडतात.

शेतकऱ्याला सर्वांत जवळचा उपयोग ठिबकवरील व्हेंच्युरीचा, म्हणजे वाहत्या पाण्यात खताचे द्रावण ओढून घेणाऱ्या नळीचा, आहे, आणि सर्वाधिक उपेक्षाही त्याचीच होते. ‘खत ओढत नाही’ म्हणून तो काढून ठेवलेला अनेक वावरांत दिसतो. त्याच्या दोन बाजूंच्या दाबात पुरेसा फरक पडल्याशिवाय तो ओढणार नाही. त्यासाठी मुख्य लाइनवरचा व्हॉल्व्ह थोडा बंद करून पाणी व्हेंच्युरीतून वळवावे लागते. एवढे दाखवायला दहा मिनिटे लागतात, पण संच बसवणारे तेवढेही थांबत नाहीत. याहून गंभीर गोष्ट अशी की लाइनवर पाणी उलटे जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल, तर वीज जाताच खतमिश्रित पाणी उलटे विहिरीत उतरू शकते, आणि त्याच विहिरीचे पाणी मजूर पितात.

डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने शिवार फेरीत आणि कृषी विज्ञान केंद्रांनी तालुक्यांच्या ठिकाणी चालू जेट पंप व व्हेंच्युरी प्रत्यक्ष दाखवावेत. प्रत्येक जेटसोबत खोली आणि मिळणारे पाणी यांचा तक्ता मराठीत देण्याचे बंधन विक्रेत्यांवर असावे. आणि अनुदानाच्या ठिबक संचाची तपासणी करणाऱ्याने नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवलेला पाहिल्याखेरीज कागदावर सही करू नये.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ