झेब्रिनाच्या फांद्या पाठवते आहे

चि. निनाद यास,
अनेक आशीर्वाद.

बाल्कनीचे फोटो पाहिले. मनी प्लांट आणि स्नेक प्लांट दोन्ही छान दिसतायत. कठड्याजवळ टांगायला जी जागा मोकळी ठेवली आहेस, तिथे मात्र विकत काही आणू नकोस. तिथे झेब्रिना लाव. आत्याबरोबर फांद्या पाठवते आहे.

गिरगावात आजीच्या चाळीत ही वेल जवळजवळ प्रत्येक गॅलरीत होती. डालड्याच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडायची, डबा तारेने कठड्याला बांधायचा, त्यात थोडी माती घालायची, की झालं. ती कुणी विकत आणल्याचं मला आठवत नाही. शेजारणीकडून दोन-चार फांद्या मागून आणायच्या आणि पाण्याच्या ग्लासात ठेवायच्या. आठवड्याभरात पेरांवर पांढरी मुळं फुटलेली असायची. पानावर दोन चंदेरी पट्टे आणि पानाची पाठ गर्द जांभळी. कुणी तिला वाँडरिंग ज्यू म्हणायचं, बाकीच्या नुसतं 'जांभळी वेल'. मूळची ती मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची, पण चाळीत इतकी रुळलेली, की ती बाहेरून आली असेल असं लहानपणी कधी मनातही आलं नाही.

हल्ली ती क्वचितच दिसते. मला चुटपूट लागते ती मुख्यतः तिच्या फुलासाठी. वर्षानुवर्षं ही वेल घरात असूनही हिला फूल येतं हे माहीत नसलेली कितीतरी माणसं मला भेटली आहेत. तसं होणं साहजिकच आहे. अंधाऱ्या कोपऱ्यात ती सहसा फुलत नाही. फुललीच, तर फूल नखाएवढं, सकाळी उमलणारं आणि दुपार कलली की मिटणारं. सगळ्यांची नजर पानांवरच थांबते.

तू नीट बघ. फांदीच्या टोकाशी दोन लहान-मोठी पानं एकमेकांना बिलगलेली असतात. त्यांच्या बेचक्यातून फूल डोकावतं. गुलाबी-जांभळ्या तीन पाकळ्या, खाली जुळून त्यांची पांढरी नळी झालेली. मिटल्यावर पाकळ्या गळून पडत नाहीत, तिथेच विरघळून ओलसर होतात. मग पुढे कधीतरी त्याच बेचक्यातून दुसरी कळी वर येते. भिंग असेल तर पुंकेसरांकडे बघ. सहा असतात, आणि त्यांच्या दांड्यांवर जांभळे केस असतात. त्यातला एकेक केस म्हणजे एकापुढे एक ओवलेल्या पेशींची मण्यांची माळच. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउनने 1831 साली लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे निबंध वाचला आणि पेशीतल्या केंद्रकाला नाव दिलं. निबंध होता ऑर्किडवर, पण त्यात हिच्याच एका बहिणीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या ट्रॅडेस्कॅन्शियाच्या, पुंकेसरांवरच्या केसांचाही उल्लेख आहे. त्या केसांत त्याला पेशीद्रव्य वाहताना दिसलं होतं. वर्गात हे सांगताना दरवेळी माझा आवाज चढायचा. इतक्या मोठ्या गोष्टीचा धागा इतक्या साध्या झाडापाशी यावा, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

अकरावीला रससंकोच, म्हणजे पाणी बाहेर गेल्यावर पेशीच्या आतला भाग कसा आकसतो ते, बघायला तुम्ही ऱ्हिओच्या पानाची जांभळी साल सोलायचात, तो ऱ्हिओही आता झेब्रिनासारखाच ट्रॅडेस्कॅन्शिया या प्रजातीत धरतात. आणि पावसाळ्यात आजी ज्याची भजी करायची, तो केना याच कुळातला. त्याचं निळं फूलही असंच सकाळपुरतं.

जोपासना काही फार नाही. उजेड भरपूर हवा, दुपारचं कडक ऊन नको. सावलीत चंदेरी पट्टे फिके पडतात आणि पेरं लांबत जातात. माती वरून सुकली की पाणी घाल. शेंडे मात्र खुडत राहा, नाहीतर कुंडीजवळची जुनी पानं झडून नुसते देठ उरतात. खुडलेले शेंडे त्याच कुंडीत खोच, म्हणजे ती भरलेली राहील. तुझ्या मांजरीचं तोंड पोचणार नाही इतकी उंच टांग. तिचा रस लागला तर मांजराच्या कातडीला खाज सुटते.

आत्या रविवारी येईल. फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून देते. आल्या आल्या पाण्यात ठेव आणि उरतील त्या समोरच्या काकूंना दे. बाबा बरे आहेत.

तुझी,
आई