बॅरिस्टर खर्डेकर सरांना, तालमीतल्या एका घरातून

आदरणीय खर्डेकर सर,
सा. न. वि. वि.

पत्र पोचणार नाही हे ठाऊक आहे, तरी लिहितोय. आमचं घर तालमीचं. आजा, वडील, चुलते, सगळे लाल मातीतले. मी लंगोट लावायला लागलो तेव्हापासून खाशाबा जाधवांची गोष्ट ऐकत आलोय. सांगणारे ढाक, कलाजंग असल्या डावांवर रंगायचे आणि तुमचं, त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्यांचं, नाव एका वाक्यात उरकायचे.

खाशाबांचे वडील दादासाहेब मल्ल, पाच भावांत खाशाबा धाकटे. गोळेश्वरच्या त्या घरानं डाव शिकवले, पण हेलसिंकी ऑलिंपिकला जायचा खर्च पैलवानाच्या घराला कुठला झेपायचा? आमच्याकडं तर नुसत्या खुराकापायी, बदाम-तुपाच्या उधारीपायी, आईच्या पाटल्या सावकाराकडं गेल्या. मैदान मारलं की फेटा पैलवानाला, पाटल्यांचं कुणी विचारत नाही.

म्हणून 1952 साली तुम्ही राहतं घर 7000 रुपयांना गहाण टाकलंत, हे नुसतं वाचून मला पुढं जाता येत नाही. तुम्ही बॅरिस्टर. गहाणखतातली ओळ न् ओळ तुम्हाला कळत होती, तरी सही केलीत. तीही कुणासाठी, तर आपल्या कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या एका विद्यार्थ्यासाठी. ना नात्याचा, ना गोत्याचा.

खरं सांगू? मला त्याच्या आधीची गोष्ट जास्त मोठी वाटते. अंगानं बारका म्हणून कॉलेजच्या स्पर्धेत त्याला घेईनात, तेव्हा तो तुमच्याकडं आला आणि तुम्ही ‘उतरू द्या’ म्हणालात. त्या होकाराला एक पैसा लागला नाही. पण तिथंच नाही म्हणाला असतात तर पुढचं काहीच झालं नसतं.

हेलसिंकीत 57 किलो गटात त्यानं कॅनडा, मेक्सिको, जर्मनीचे मल्ल हरवले. जपानच्या इशिईबरोबरची लांबलेली कुस्ती गेली आणि पाठोपाठ सोव्हिएत मल्लासमोर उभं राहायला सांगितलं. मध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण भांडायला आपला एकही अधिकारी जागेवर नव्हता. दर वेळी वाटतं, तिथं त्या घटकेला एक बॅरिस्टर हवा होता!

तरी ब्राँझ आलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मिरवणुकीला 151 बैलगाड्या होत्या म्हणतात. मग खाशाबांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले आणि त्या पैशातून तुमचं घर सोडवलं. कागद परत हातात आला तेव्हा तुम्ही काय म्हणालात, कुणी लिहून ठेवलेलं मला सापडलं नाही. त्या दिवशी हलगी काही वाजली नसणार.

आमच्या पाटल्या सुटल्या नाहीत. मी दोन-चार मैदानं मारली, पण तेवढी नाही. आईनं कधी विषय काढला नाही आणि मीही नाही. सर, तुमचे आभार मानायला बसलो आणि तिचेच राहिलेत हे ध्यानात आलं. हे पत्र आज तिला वाचून दाखवणार आहे.

आपला,
मातीतला एक पोरगा