कुलपती कोण, कुलगुरू कोण?

महोदय,

राजस्थानने २०२५ मध्ये कायदा करून विद्यापीठांतल्या ‘कुलपति’ (तिकडे याचा अर्थ व्हाइस-चान्सलर) पदाचे नाव ‘कुलगुरु’ केले. दिल्लीच्या जेएनयूनेही त्याच वर्षी तोच मार्ग धरला. ‘पती’ पुरुषी वाटतो, ‘गुरू’ आपल्या परंपरेतला, अशी कारणे कानावर आली. आपल्याकडे व्हाइस-चान्सलरला पूर्वीपासून कुलगुरूच म्हणतात, त्यामुळे मराठी वाचकाला हे ऐकून बरे वाटले असेल. पण परंपरेचा दाखला काढायचाच, तर तो नेमका उलटा निघतो.

‘शाकुंतला’च्या पहिल्याच अंकात कण्वांना ‘कुलपती’ म्हटले आहे. दहा हजार मुनींच्या अन्नाची सोय लावून त्यांना शिकवतो तो कुलपती, अशी व्याख्या जुने संस्कृत टीकाकार देतात. (आज वसतिगृहाची एक मेस नीट चालवताना नाकी नऊ येतात, तो भाग वेगळा.) कुलगुरू मात्र घराण्याचा असतो, जसे रघुकुळाचे वसिष्ठ. म्हणजे आश्रमातला शब्द टाकून राजवाड्यातला उचलला! आणि ‘पती’ म्हणजे पालन करणारा, धनी. नवरा हा त्याचा एक अर्थ झाला. प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हाही या शब्दावरून थोडी कुजबुज झालीच होती. शब्द टिकला, आता द्रौपदी मुर्मूही राष्ट्रपतीच आहेत.

इंग्रजी ‘चान्सलर’चे कूळ तर फारच साधे. लॅटिनमध्ये ‘कॅन्सेली’ म्हणजे जाळीचा कठडा. रोमन न्यायालयात त्या कठड्यापाशी उभा असणारा सेवक, तो मूळचा चान्सलर.

मराठीतला ‘कुलगुरू’ बदला, असे मी मुळीच म्हणत नाही. प्रेमलीला ठाकरसी, स्नेहलता देशमुख यांच्या नावामागे तो सहज शोभला. माझी तक्रार वर्तमानपत्रांबद्दल आहे. महाराष्ट्रात २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानुसार राज्यपाल हे कुलपती असतात. उत्तर प्रदेश-बिहारकडे ‘कुलपति’ म्हणजे व्हाइस-चान्सलर, आणि राज्यपालांना म्हणतात ‘कुलाधिपति’. तिकडच्या बातमीतला ‘कुलपति’ मराठीत जसाच्या तसा छापला की एखाद्या निलंबित कुलगुरूच्या जागी वाचकाला थेट राज्यपालच निलंबित झालेले दिसतात. अनुवाद करणाऱ्यांनी तिथे ‘कुलगुरू’ लिहावे आणि ‘कुलाधिपति’चे ‘कुलपती’ करावे, एवढी विनंती.

– एक निवृत्त प्राध्यापक, सातारा